झुकतं माप

चाळीस वर्षं डेल्मार धान्याच्या काट्यावर बसला.
ट्रक भरून यायचा, रिकामा जायचा,
मधला फरक म्हणजे मका.
ओलावा वजा, कचरा वजा, मग आकडा.
समोरचा टोपी मागे सारून म्हणायचा,
"बघ ना अजून एकदा."
तो बघायचा. आकडा तोच असायचा.

आता तो मुलींच्या कॉलेजांचे बास्केटबॉल संघ तोलतो.
नोव्हेंबर ते मार्च, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
बियाणं कंपनीने फुकट दिलेल्या वहीत.
मी पेपरातून निकाल वाचते, तो मांडतो.
परक्या कोर्टावर जिंकलात, साडेतीन.
घरच्या कोर्टावर, दोन.
दुबळ्याला चाळीसने चिरडलंत, तर काही नाही,
"त्यात दाणा कमी, भुसाच जास्त."
पण दुबळ्याकडून हरलात तर उणे पाच,
आणि ते उणे तो लाल पेन्सिलीने इतकं दाबून लिहितो
की पुढच्या तीन पानांवर त्याचा वण उमटतो.

अडुसष्ट संघांना बोलावणं येतं.
लीग जिंकणारे थेट जातात, उरलेल्यांचे कागद
दूर कुठल्या हॉटेलात एक समिती चाळते.
डेल्मारचा तिच्यावर राग नाही.
तो फक्त विचारतो, त्यांचा काटा कोण तपासतं?
आमचा तपासायला लिंकनहून माणूस यायचा,
लोखंडी वजनं घेऊन, दर वर्षी.

यंदा आमचं सेंट ऑडिला चोवीस सामने जिंकलं.
ब्रेना कोलाचेक,
जिची आई पोस्टात मला तिकिटं देते,
डाव्या हाताने टाकते
आणि चेंडू रिंगला न विचारता आत जातो.
लीगचा शेवटचा सामना एका गुणाने गेला.
शनिवारी रात्री डेल्मारने बेरीज केली,
परत केली, हातचे बोटांवर धरून,
आणि पेन्सिल कानामागे खोचली.
एकोणसत्तर.

मी म्हटलं, जानेवारीतलं ते उणे पाच बघ.
आठवतं? बस बर्फावरून घसरून खड्ड्यात कललेली,
पावणेदोन तास ट्रॅक्टरवाल्याची वाट बघत मुली,
बधिर बोटांनी तशाच कोर्टावर उतरल्या.
तुझ्या वहीत याला रकाना कुठाय?
तो बराच वेळ गप्प.
मग पट्टी घेतली,
समासाला लागून एक अरुंद रकाना आखला.
मला वाटलं, झालं,
जन्मात एकदा माझ्या माणसाने
झुकतं माप घातलं.

रविवारी उजाडल्यावर त्याने फोन उचलला.
मोंटाना. मेन. ओझार्कच्या डोंगरातली कॉलेजं.
कुणी बातमीदार, कुणी बसचालक,
एका ठिकाणी तर जिमचं कुलूप उघडणारा म्हातारा.
"तुमचीही अशी एखादी रात्र होती का हो?"
होती.
कुणाला वाटेतल्या जेवणाने विषबाधा,
कुठे छप्पर गळत होतं, मुली बादलीला वळसा घालून पळाल्या.
एकीचे वडील सकाळी गेले होते,
ती तरी खेळली. बावीस गुण केले.
हे ऐकल्यावर डेल्मारने फोन ठेवला,
नळाखाली हात धरून उभा राहिला,
आणि पुढचा नंबर फिरवला.

चारच्या सुमाराला पुन्हा बेरीज.
सगळेच थोडे थोडे वर सरकले होते.
आम्ही एकोणसत्तर.

संध्याकाळी टीव्हीवर नावं वाचली गेली.
समितीच्या आणि त्याच्या यादीत तीन नावांचा फरक.
आमचं नाव दोन्हींत नव्हतं.
त्याने वही मिटली. रकाना खोडला नाही.

सोमवारी पोस्टात ब्रेनाच्या आईने
तिकिटं फाडता फाडता, वर न बघता विचारलं,
"डेल्मारच्या वहीत आम्ही कितवे?"
मी सांगितलं.
"बघ ना अजून एकदा, म्हणावं."
मी म्हटलं, बघितलं गं.
तिने सुट्टे मोजले, माझ्या हातावर ठेवले.
बाहेर येऊन मी मोजले, तर एक नाणं जास्त होतं.
परत आत गेले.